आजोबांची रात्रपाळी

आजोबा गेले तेव्हा वर्तमानपत्रात आलेल्या चार ओळींच्या निधनवार्तेत 'दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक' एवढाच त्यांचा परिचय होता. ती वाचून आत्या म्हणाली, "म्हणजे चव्वेचाळीस सालानंतर अण्णांनी काही केलंच नाही म्हणायचं." सगळे हसले, पण तिच्या बोलण्यात तक्रार होती आणि ती रास्त होती. आजोबांची प्रत्यक्ष युद्धातली उड्डाणे मार्च 1944 च्या अखेरीस सुरू झाली आणि जूनच्या मध्यावर थांबली. त्यानंतर ते पन्नासहून अधिक वर्षे जगले, त्यांनी संसार केला, तीन मुले वाढवली, आणि त्यांतली बरीच वर्षे ते विमानच चालवत होते. तरीही घरी पाहुणे आले की बशीतल्या पोह्यांबरोबर बाहेर निघत ते हेच अडीच महिने. मी लिहिणार आहे ते दोन्हींबद्दल. फक्त जमले तर प्रमाण उलटे ठेवणार आहे.

त्यांच्या मागे दोन लॉगबुके राहिली. वैमानिकाच्या लॉगबुकाची पाने आडवी असतात. डावीकडे तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, चालक, सोबतचा माणूस आणि कामगिरी. उजवीकडे दिवसाचे आणि रात्रीचे तास वेगवेगळ्या रकान्यांत. महिना संपला की बेरीज मांडायची आणि तिच्याखाली वरिष्ठाची सही घ्यायची. कामगिरीच्या रकान्यात लक्ष्याचे नाव असते आणि शेवटी 'डी.सी.ओ.' ही तीन अक्षरे असतात, म्हणजे ड्यूटी कॅरीड आउट, नेमून दिलेले काम पार पाडले. ढगांमुळे किंवा इंजिनाच्या कुरबुरीमुळे मागे फिरावे लागले, तर 'डी.एन.सी.ओ.' लिहायचे. याहून अधिक बोलण्याची सोय त्या वहीत नाही, आणि मला वाटते, आजोबांना ती नसल्याचे कधी जाणवलेही नसावे. रात्रीच्या उड्डाणाची नोंद लाल शाईने करण्याची हवाई दलाची रीत होती आणि ती त्यांनी दल सोडल्यावरही पाळली. त्यामुळे पहिल्या वहीतली युद्धाची पाने निळी आहेत, कारण त्यांचे विमान दिवसाउजेडीच हल्ला करी. दुसरी वही जवळजवळ सगळी लाल आहे, आणि ती शांततेच्या काळातली आहे.

1939 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय हवाई दलात एकच स्क्वाड्रन होती. युद्ध संपेपर्यंत ती संख्या नऊवर गेली. ही वाढ ज्या कॉलेजातल्या मुलांच्या बळावर झाली, त्यांतले आजोबा एक. लाहोरजवळच्या वॉल्टन येथे कवायत आणि वर्गातले शिक्षण, हैदराबादच्या बेगमपेठेत टायगर मॉथ या शिकाऊ विमानावरचे पहिले धडे, अंबाल्याला पुढचे प्रशिक्षण, तिथेच छातीवर वैमानिकाचे पंख, आणि मग पेशावर. पेशावरला व्हल्टी व्हेन्जन्स या अमेरिकी बनावटीच्या विमानावर वैमानिक तयार केले जात. भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रनना ही विमाने मिळाली होती, आणि आजोबा 7 क्रमांकात गेले.

व्हेन्जन्स हे डाइव्ह-बॉम्बर, म्हणजे लक्ष्यावर सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या जातीचे विमान होते. 1,600 अश्वशक्तीचे एकच अजस्र इंजिन, पुढे वैमानिक आणि मागे तोफची, आणि एकूण 1,500 पौंडांचे बॉम्ब. या विमानाच्या पंखांची जोडणी अशी होती की, नाक सरळ खाली केले असता ते जवळजवळ लंबरेषेत खाली येई आणि लक्ष्यावरून इकडेतिकडे सरकत नसे. मात्र त्याच जोडणीमुळे सरळ उडताना त्याचे नाक वर राही आणि वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. आजोबांच्या मते ते 'फक्त पडताना शहाण्यासारखे वागणारे' विमान होते. इंजिन तेल फार पिई. हे सारे ते यंत्राविषयी बोलावे तसे बोलत, आणि ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट पाहू लागला की 'चहा झाला का' असे विचारत.

पुढची गोष्ट मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी मिळाली. मार्च 1944 मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला आणि 7 क्रमांकाची स्क्वाड्रन सिलचरजवळच्या उदरबंद येथील धावपट्टीवर आणली गेली. तिथून उठायचे, डोंगर ओलांडायचे, आणि ब्रह्मदेशातल्या तिद्दिमकडून येणाऱ्या रस्त्यावरचे पूल, साठे, मोर्चे गाठायचे. याच रस्त्यावरचा मणिपूर नदीचा पूल त्यांच्या स्क्वाड्रनच्या लक्ष्यांपैकी एक होता. सुमारे 12,000 फुटांवरून एकामागोमाग एक विमान कुशीवर वळून खाली सुटे. पंखांवरचे ब्रेक उघडले की सगळे विमान थरथरे. बॉम्ब सोडून नाक वर ओढताना शरीराचे वजन कित्येक पटींनी वाढते, रक्त डोक्यातून खाली उतरते आणि डोळ्यांपुढे आधी करडे आणि मग काळे होते. त्या काळ्यातून बाहेर येईपर्यंत दोन्ही हातांनी दांडा पोटाशी ओढून धरायचा असतो. मे महिना उजाडला तसा पावसाने जोर धरला. आजोबांचे म्हणणे असे की, जपान्यांच्या तोफांपेक्षा त्यांना परतीच्या वाटेवरच्या ढगांचे भय अधिक वाटे, कारण त्या ढगांच्या पोटात डोंगर असत. 22 जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला, पण तोवर व्हेन्जन्सचे काम संपले होते आणि स्क्वाड्रन माघारी बोलावली गेली होती. पुढे तिला हरिकेन विमाने मिळाली.

हे झाले युद्ध. त्याची दुसरी बाजू आमच्या घरातच होती. आजोबा हवाई दलात गेले तेव्हा त्यांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादाआजोबा म्हणत असू, काँग्रेसच्या कामात बुडालेले होते. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईतल्या गवालिया टँक मैदानावरच्या अधिवेशनात 'चले जाव'चा ठराव झाला, धरपकड सुरू झाली आणि काही दिवसांतच दादाआजोबा येरवड्याला पोहोचले. एका घरातला एक मुलगा सरकारच्या तुरुंगात आणि दुसरा सरकारच्या विमानात, अशी स्थिती. पणजीला दोघांचीही पत्रे येत आणि दोघांच्याही पत्रांवर सरकारी खाडाखोड असे. तुरुंगातून आलेल्या पत्रातला मजकूर राजद्रोह होऊ नये म्हणून काळा केलेला, आणि आघाडीवरून आलेल्या पत्रातला शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून. 'ती. आईस साष्टांग नमस्कार वि. वि.' हा मायना आणि 'माझी काळजी करू नये' हा शेवट दोन्हींकडे शाबूत असे. पणजीने ती सगळी पत्रे एकाच डब्यात ठेवली होती, तारखेप्रमाणे, मुलांप्रमाणे नव्हे. त्यामुळे आज तो गठ्ठा वाचताना येरवडा, पेशावर, येरवडा, उदरबंद असा प्रवास होतो.

याहून अवघड प्रश्न पुढे होता. 14 एप्रिल 1944 रोजी मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला, म्हणजे आजोबा ज्या भागावर उडत होते त्याच भागात, जपान्यांच्या सोबत, भारतीय सैनिकही होते. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न त्यांना कुणीतरी, कधीतरी विचारणारच होते, आणि तो माझ्या वडिलांनी कॉलेजात असताना, थोड्या उर्मटपणेच, विचारला. आजोबांनी उत्तर दिले, "वरून माणूस दिसत नाही. रस्ता दिसतो, पूल दिसतो, धूर दिसतो. खाली माणसं आहेत हे माहीत असतं." बाबा म्हणतात की, त्यांना समर्थन अपेक्षित होते किंवा पश्चात्ताप, आणि यात दोन्ही नव्हते. मला ते उत्तर प्रामाणिक वाटते. जपानी फौजा मणिपुरातून खाली उतरल्या असत्या तर काय झाले असते, यावर वाद घालणे त्यांना सहज जमले असते. दादाआजोबांशी तर तो वाद घालायला सारे आयुष्य हाताशी होते. पण दोघा भावांनी तो घातला नाही. 1972 मध्ये दादाआजोबांना स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला, तेव्हा भिंतीत खिळा ठोकून तो टांगला आजोबांनीच. त्यांचे स्वतःचे बर्मा स्टार हे पदक कपाटात, शिवणाच्या डब्याशेजारी असे, आणि आम्हां मुलांना त्या डब्यात बटण शोधतानाच काय ते दिसे.

1946 मध्ये ते दलातून मोकळे झाले आणि मुंबईला येऊन एका खासगी कंपनीत डाकोटा विमान चालवू लागले. त्याच वर्षी लग्न ठरले. बघण्याच्या कार्यक्रमात आजीच्या वडिलांनी "विमानाचा भरवसा काय?" असे विचारले, तेव्हा आजोबांनी अत्यंत गंभीरपणे सांगितले की, डाकोटाला दोन इंजिने असतात आणि एक बंद पडले तरी ते दुसऱ्यावर उतरवता येते. आजी सांगे की, तिच्या वडिलांना त्या उत्तराने एक नवीच काळजी लागली, ती म्हणजे इंजिन बंदही पडते! आजी बी. ए. झालेली होती आणि तिला शिक्षिका व्हायचे होते. लग्नाआधी तिने तेवढी एकच अट घातली. आजोबांनी ती मान्य केली, पण मान्य करणे आणि निभावणे यांत जे अंतर असते ते त्यांनी कसे कापले, ही माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी कामगिरी.

त्यासाठी रात्रीच्या टपालाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आज ती व्यवस्था फारशी कुणाला आठवत नाही. जानेवारी 1949 मध्ये, रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असताना, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने पाठवली जाऊ लागली, त्यामुळे मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या पोस्टात असे. 1 ऑगस्ट 1953 रोजी आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाले आणि ही सेवाही त्याच्याकडे आली. सेवा चालू राहिली ती 1973 पर्यंत.

बहुतेक वैमानिकांना हे काम नको असे. झोपेचे खोबरे, पावसाळ्यात सह्याद्रीवरचे ढग, खाली काळोख, आणि कौतुक करायला कुणी नाही. आजोबांनी ते मागून घेतले. रात्रीचे जेवण मुलांबरोबर, मग सांताक्रूझ विमानतळ, साधारण तीन तासांत नागपूर, तिथे एक कप चहा, आणि सकाळी सात वाजता पुन्हा पार्ल्याच्या घरी. आजीची शाळा सकाळची होती आणि ती साडेसहालाच बाहेर पडे. ती अर्ध्या तासाची फट शेजारच्या काकू सांभाळत, आणि त्यानंतर तिन्ही मुलांना उठवणे, आंघोळी, दूध, डबे, दप्तरे आणि शाळेपर्यंत पोहोचवणे हे सगळे आजोबांचे होते. 1950 च्या दशकातल्या मध्यमवर्गीय वस्तीत ही गोष्ट किती बोलली गेली असेल, याची कल्पना करता येते. आत्याला एका बाईंनी विचारले होते म्हणे, "तुझे बाबा घरीच असतात का गं?"

आत्याच्या दोन वेण्या आजोबा घालत. रात्रभर विमान चालवून आलेला माणूस खुर्चीत बसे, मुलीला पुढ्यातल्या स्टुलावर बसवे, तोंडात दोन रिबिनी धरे, आणि कंगव्याच्या टोकाने भांग पाडे. भांग वाकडा झाला तर पुन्हा. दोन्ही वेण्या पुढे ओढून त्यांची टोके एका उंचीला येतात का ते बघायचे. नसतील तर उसवून पुन्हा. त्यांच्या हाताला इंजिनाच्या तेलाचा आणि साबणाचा मिळून एक वास येई, तो आत्याला आजही कुठल्याशा गॅरेजवरून जाताना आठवतो. वेण्या चालू असताना पाढे म्हणायचे असत. दोनाचा, तिनाचा नव्हे, एकोणतिसाचा. एकोणतीस एके एकोणतीस इथून एकोणतीस दाहे दोनशे नव्वद इथपर्यंत, आणि वेण्या राहिल्या असतील तर उलटा. एकोणतिसाचाच का, असे कुणी विचारले नाही. लहानपणी वडिलांच्या तऱ्हा या हवामानासारख्या असतात.

दुपारी ते झोपत. खिडक्यांना काळा कागद होता आणि घरात कॅरम खेळायला बंदी होती. वरच्या मजल्यावर मिरच्या कुटायच्या असतील तर त्या चार वाजल्यानंतर, असे आजीने ठरवून घेतले होते. आजीच मला पुढे एकदा म्हणाली की, त्या झोपेत कधी कधी ते दोन्ही हात मुठी आवळून पोटाशी ओढून घेत आणि काही क्षण तसेच धरून ठेवत. मग हात आपोआप सैल पडत. तिने त्यांना त्याबद्दल कधी विचारले नाही, फक्त मुले त्या खोलीत जाणार नाहीत एवढे पाहिले.

बाबांना शाळेत 'वडील काय करतात' या रकान्यापुढे काय लिहायचे ते कळत नव्हते, म्हणून त्यांनी मास्तरांना सांगितले की वडील रात्रपाळीला जातात. मुंबईत याचा अर्थ एकच होता. मास्तरांनी सहानुभूतीने फीमाफीचा अर्ज त्यांच्या हातात ठेवला. तो अर्ज पाहून आजोबा खूप हसले आणि मग मास्तरांना भेटून नीट समजावून आले. परंतु घरात त्या कामाला 'रात्रपाळी' हेच नाव कायमचे पडले.

या रात्रपाळीची वर्णने त्यांनी केली ती मात्र मोकळेपणाने, युद्धाच्या वर्णनांहून कितीतरी अधिक. डाकोटाच्या समोरच्या काचेच्या कडांतून पावसात पाणी आत गळे, म्हणून ते मांडीवर मेणकापडाचा तुकडा अंथरून बसत; आषाढ सुरू झाला की तो तुकडा आजी आठवणीने बॅगेत ठेवी. विजा कडकडत असताना पंख्यांच्या पात्यांभोवती निळसर प्रकाशाचे कडे फिरू लागे. पहिल्यांदा पाहणारा सहवैमानिक घाबरे, आणि आजोबा त्याला 'देवळातला दिवा समज आणि हातातलं काम कर' असे सांगत. नागपूर जवळ आले की अंधारात आधी धावपट्टीचे दिवे, आणि मग दिल्लीचे, मद्रासचे, कलकत्त्याचे विमान आपापल्या दिशेने खाली येताना दिसे. सोनेगावला त्या अर्ध्या-पाऊण तासात टपालाच्या पिशव्या ढकलगाड्यांवरून इकडून तिकडे जात आणि चार गावांचे वैमानिक एका बाकावर बसून चार दिशांचे हवामान एकमेकांना सांगत. कुणाच्या पिशवीत काय आहे हे कुणालाच माहीत नसे. आजोबांना याचे अप्रूप होते. ते म्हणत, "तिकडे पंधराशे पौंड नेत होतो त्याचा हिशेब लागायचा. इकडे किती पत्रं नेली त्याचा हिशेब नाही."

काम धोक्याचे नव्हते असे समजण्याचे कारण नाही. डिसेंबर 1953 मध्ये रात्रीच्या टपालाचा एक डाकोटा नागपूरहून उड्डाण करताच कोसळला आणि त्यात 13 जण मृत्युमुखी पडले. त्या रात्री आजोबांची सुट्टी होती. बातमी सकाळी आकाशवाणीवरून कळली तेव्हा आजी शाळेत होती. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली, कारण आजोबा झोपले होते आणि त्यांना उठवायचे नव्हते. उठल्यावर त्यांनी ऐकून घेतले, मुलांची शाळेतून येण्याची वेळ झाली म्हणून दूध तापवले, आणि रात्री ठरल्याप्रमाणे कामावर गेले. आजी अडवायला उठली होती की नाही, याबद्दल आत्या आणि बाबा यांच्या आठवणी जुळत नाहीत. लॉगबुकात त्या रात्रीची नोंद इतर रात्रींसारखीच आहे: मुंबई ते नागपूर, नागपूर ते मुंबई, डी.सी.ओ.

त्यांना याहून मानाचे काम मिळू शकले असते. जून 1948 मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई ते लंडन सेवा कॉन्स्टेलेशन विमानांनी सुरू झाली होती, आणि युद्धाचा अनुभव असलेल्या वैमानिकाला तिथे जाण्याची इच्छा असणे स्वाभाविक होते. त्यांच्या बरोबरीचे काही गेले. आजोबांनी अर्ज केला नाही, कारण लंडनची फेरी म्हणजे दर खेपेला काही दिवस घराबाहेर. आमच्या घरातल्या सांगीव गोष्टींत हा नकार एका वाक्यात उरकला जातो, आणि इंफाळला अर्धा तास मिळतो. मला हे पटत नाही. चोविसाव्या वर्षी हुकूम आला म्हणून सूर मारणे हे धाडस आहेच, यात वाद नाही, पण तिथे निवड फारशी नव्हती. तिशीत, सहकारी लंडनचे कोट घालून हिंडत असताना, स्वतःहून मेणकापड मांडीवर घेऊन नागपूरला जाणे आणि ते वर्षानुवर्षे करत राहणे, यात निवडच निवड होती. आजीने पुढे त्याच शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्ती घेतली.

आत्याच्या लग्नाला एक सरदारजी आले होते. उंच, पांढरी दाढी, हातात मिठाईचा मोठा खोका. व्हेन्जन्समधले आजोबांचे तोफची. त्या विमानात तोफची पाठमोरा, शेपटीकडे तोंड करून बसे; म्हणजे सूर मारताना आजोबांना जमीन वर येताना दिसे आणि त्यांना आकाश दूर जाताना. दर नववर्षाला दोघांची पत्रे एकमेकांना जात, हे घरात माहीत होते, पण त्यांना पाहिले नव्हते कुणी. दोघे मांडवाच्या कडेला बसून इंजिनाच्या तेलाबद्दल आणि उदरबंदच्या डाळीबद्दल बोलत राहिले. निघताना त्यांनी नवरी मुलीला हिंदीत सांगितले की, तुझे वडील सूर मारताना त्यांच्या भाषेत कसला तरी मंत्र मोठ्याने म्हणत, तो मला कानातल्या यंत्रातून ऐकू येई, आणि मंत्र पुन्हा सुरू झाला की मी समजायचो, माणूस शुद्धीवर आहे. आत्याने कुठला मंत्र म्हणून विचारले. त्यांना शब्द सांगता येईनात. त्यांनी नुसती चाल धरली. एकोणतीस एके एकोणतीसची चाल होती ती. आजोबा शालू-शेल्यांच्या हिशेबाला म्हणून उठून आत गेले.

उतारवयात त्यांचे कान गेले. इतकी वर्षे इंजिनांच्या शेजारी काढल्यावर ते होणारच होते. पार्ल्याच्या घरावरून विमान गेले की ते खिडकीच्या काचेला बोटे टेकवत आणि काच किती थरथरते त्यावरून सांगत की उतरतेय की चढतेय. श्रवणयंत्र आणले होते, पण ते बहुधा खिशात असे.

1987 मध्ये आजीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. त्यानंतरची चार वर्षे तिचे सगळे आजोबांनी केले. बाई ठेवू, असे बाबांनी अनेकदा सुचवले. धुणे-भांड्यांपुरती ती ठेवली गेली. आजीला उठवणे, बसवणे, भरवणे, तिचे पांढरे केस विंचरून एक बारीक वेणी घालणे हे त्यांचेच. डॉक्टरांनी औषधांच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या होत्या. दुसऱ्या लॉगबुकाच्या शेवटी बरीच पाने कोरी उरली होती, ती त्यांनी त्यासाठी काढली. विमानाच्या प्रकाराच्या रकान्यात औषधाचे नाव, क्रमांकाच्या रकान्यात मात्रा, उड्डाणाच्या वेळेच्या जागी औषधाची वेळ, आणि रात्रीच्या मात्रा लाल शाईने. महिन्याच्या शेवटी बेरीजही आहे. पुढे 'डी.सी.ओ.'

क्वचित 'डी.एन.सी.ओ.'ही आहे. आजीने डाव्या हाताने लिहायचा सराव त्याच वहीत केला, त्यामुळे काही पानांवर तिचे वेडेवाकडे, मोठे अक्षर आहे. जुलै 1989 च्या एका पानावर आजोबांनी लिहिले आहे, 'रात्रौ 9. गोळी. डी.एन.सी.ओ. रुग्णाने सहकार्य केले नाही. हवामान खराब.' त्याच्याखाली, दोन ओळी व्यापून, मुख्याध्यापिकेने शेरा दिला आहे: 'गोळी कडू होती. हवामान उत्तम.'